रानभाजीची जुडी आणि कायद्याचे कुंपण

देहूरोडच्या माळावर पावसाळ्यात उगवणारा टाकळा वा कुर्डू कोणी पेरीत नाही. परंतु तो ज्या भूमीवर उगवतो तिला धनी असतोच. लष्कर, वनखाते, रेल्वे आणि खाजगी मालक यांत येथील मोकळी जमीन विभागलेली आहे. तेव्हा जुडीभर भाजी खुडून बाजारात विकणारी बाई कायद्याच्या लेखी कोण, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनी तत्त्वे कायम आहेत. जमिनीला जोडलेली वस्तू तुटेपर्यंत चोरीचा विषय होत नाही. तुटताच होऊ शकते. नुसते पाऊल टाकणे हे फौजदारीपात्र अतिक्रमण नव्हे. त्यास अपराध करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू लागतो. पण खुडणे चोरी ठरले की पाऊलही अपराधी ठरते. अत्यल्प हानी हा अपराध नव्हे, असे कलम ३३ सांगते खरे. तथापि हा दिलासा न्यायालयात मिळतो, आणि विक्रेतीचा दिवस चौकीतच बुडालेला असतो.

राखीव वनात तर १९२७ च्या वन अधिनियमाने गवत आणि वेलीही वनोपजात मोडतात. १९३० साली पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापूनच सत्याग्रह केला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. मात्र बिगर-आदिवासींना त्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. कारखान्यांच्या आश्रयाने आलेल्या कुटुंबांनी तो कोठून आणावा?

इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्याने रानफळे खुडणे चोरीतून वगळले. विक्रीसाठी खुडणे मात्र वगळले नाही. तो भेद येथे जसाच्या तसा आणल्यास हौशी सहलकरी सुटेल आणि पोटार्थी सापडेल. येथे भेद विक्रीचा नव्हे, तर प्रमाणाचा व हानीचा हवा: डोक्यावरची पाटी एकीकडे, मुळासकट उपटून भरलेला टेंपो दुसरीकडे.

शस्त्रागारांच्या कुंपणाआड कोणी जाऊ नये, याविषयी दुमत नाही. परंतु कुंपणाबाहेरच्या माळासाठी छावणी मंडळ व वनखाते यांना हंगामी परवाने देता येणार नाहीत काय? कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवितो. ज्या भाजीचा शासन गौरव करते, ती खुडणाऱ्या हाताला निदान भयमुक्त वाट तरी मिळावी.