नियामक कोणाचा : जनतेचा की मक्तेदारांचा?

मुळशी तालुक्यातील माण गावाच्या शेतजमिनींवर हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा राहिला. संगणकाच्या या नगरीतील पहारेकरी वा सफाई कामगार मोबाइल बाळगतो तो चैनीखातर नव्हे. कंत्राटदाराचा निरोप, कामाची पाळी, बँकेचा संदेश सारे त्यावरच येते. रिचार्ज संपला की रोजगाराचा धागाच तुटतो. त्याचा भाव कोण ठरवितो, हा म्हणूनच कामगारवर्गाचा प्रश्न आहे.

१९९७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणास, म्हणजे 'ट्राय'ला, दर ठरविण्याचा अधिकार आहे. परंतु स्पर्धाच दर आवाक्यात ठेवील, या भरवशावर मोबाइलचे बहुतेक दर त्याने दोन दशकांपूर्वीच कंपन्यांवर सोपविले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ फुकट सेवा घेऊन बाजारात उतरली. पुढील दोन-तीन वर्षांत एअरसेल, टेलिनॉर, टाटा यांनी गाशा गुंडाळला. २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. स्पर्धकांबरोबर फुकटाईही संपली. ३ व ४ जुलै २०२४ या दोन दिवसांत तिन्ही खासगी कंपन्यांचे वाढीव दर लागू झाले. जिओची २८ दिवसांची १५५ रुपयांची योजना १८९ वर गेली. सरकारने मात्र मागणी-पुरवठ्याचा पाठ वाचला आणि आपले दर जगात अत्यल्प असल्याचे सांगितले. कंत्राटी कामगाराचे वेतनही जगात अत्यल्प आहे, हे सांगण्यास ते विसरले!

प्राधिकरणाने काहीच केले नाही, असे नव्हे. तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया भरपाईचा त्याचा नियम कंपन्यांनी न्यायालयात नेला आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. संसदेने त्यानंतरही असा हक्क कायद्यात घातला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट नको असलेल्यांसाठी केवळ बोलण्याची व संदेशांची योजना सक्तीची झाली. जिओ व एअरटेल यांनी ती ८४ दिवसांची, एकरकमी चारशेहून अधिक रुपयांची काढली. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ कोठून आणावेत?

सार्वजनिक क्षेत्र बळकट असते तर या मनमानीस लगाम बसला असता. परंतु बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी जानेवारी २०२० अखेर स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले आणि तिच्या देशव्यापी ४-जी सेवेचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तोवर ग्राहक खासगी कंपन्यांनी वाटून घेतले होते.

डॉ. लोहियांनी 'दाम बांधो'ची हाक दिली ती बाजाराच्या दयेवर जनतेस सोडू नये म्हणून. आज तीच मागणी दूरसंचाराला लागू होते. किमान सेवेचा कमाल दर प्राधिकरणाने बांधावा. केवळ बोलण्याची योजना महिन्याच्या हप्त्यात मिळावी. भरपाईचा हक्क संसदेने कायद्यात लिहावा. बीएसएनएलला पुरेसे भांडवल द्यावे. माण-हिंजवडीपासून चाकणपर्यंतच्या कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीपत्रात हा प्रश्न घेतला पाहिजे. संघटित दडपणाखेरीज कोणताही नियामक मक्तेदारांपुढे ताठ उभा राहणार नाही.