बाप नाही, तरी वीण वाढते

पेण-रोह्याकडे भात निघाले की ओलीवर वाल पेरतात आणि जेथे पाण्याची सोय आहे तेथे वांगी, मिरची, भेंडी करतात. वांग्याचे एखादे झाड भर दुपारी मान टाकते, पाणी देऊनही पिवळे पडत जाते. ते उपटून पाहावे. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर ते काम सूत्रकृमीचे. वालाच्या मुळांवरही गाठी असतात, पण वालाची चांगली गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने सुटते, फोडली तर आत गुलाबी दिसते. ती पिकाला हवेतले नत्र देते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले, ती सुटत नाही. घाईने चांगल्या गाठीला दोष देऊ नका.

आता या किड्याचा वंश कसा चालतो ते पाहा. कालवडीत निम्मे गुण गाईचे, निम्मे वळूचे. म्हणून तर आपण वळू पारखून घेतो. पण 'मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा' नावाच्या सूत्रकृमीला वळूची गरजच नाही. मादी मुळाच्या गाठीत इवल्या चंबूसारखी फुगून बसते आणि एकटीच चिकट आवरणात शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी तयार! लेकी आईच्याच वळणाच्या, बापाचा अंश नाही.

मग नर नसतातच का? असतात. मुळात गर्दी झाली, खायला कमी पडले, की पिलांतली बरीचशी नर होतात. म्हणजे नर की मादी हे रक्तावर नव्हे, तर कोठारावर ठरते. हा नर मूळ सोडून निघून जातो. नर होतो, पण बाप होत नाही.

सगळ्या बहिणी सारख्या, तर एकच प्रतिकारक वाण सर्वांना पुरेल, असे वाटेल. रानटी टोमॅटोतला असा गुण १९४० च्या दशकात लागवडीच्या टोमॅटोत आणला गेला. तो उपयोगी आहे, पण जमिनीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की ढिला पडतो, आणि काही ठिकाणी सूत्रकृमी त्याला पुरून उरले आहेत. या किड्याचे पूर्वज दोन निरनिराळ्या कुळांच्या संकरातून आलेले. त्यामुळे त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे बहुधा तीन संच असतात, आणि या साठ्यामुळे बदलाला वाव राहतो, असे अभ्यासक मानतात. शिवाय मुळाची भिंत विरघळवण्याची काही जनुके त्याने फार पूर्वी जिवाणूंकडून उचलली आहेत. २००८ साली त्याची सारी जनुके वाचली गेली, तेव्हा ही उसनवारी किती मोठी आहे ते दिसले. आईबापांकडून नव्हे, शेजाऱ्याकडून आलेला हा वारसा!

याच गोलकृमींच्या गोतावळ्यात पोटातले जंतही येतात. त्यांच्यात नरमादी लागतात, पण तेथेही विचित्र प्रकार आहे. घोड्याच्या जंतात बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ साली पाहिले, की अंड्यातून शरीर घडताना गुणसूत्रांचा काही भाग टाकून दिला जातो. पुढच्या पिढीसाठी राखलेल्या पेशींत मात्र सगळा ऐवज शाबूत राहतो. बियाणे वेगळे, खाण्याचे वेगळे, म्हणा ना.

असो. भातात महिनोन्महिने पाणी उभे राहिले की वांग्याचा हा सूत्रकृमी बराच कमी होतो. जपायचे ते परसातल्या आणि वरकस जागेला, जिथे भाजीवर भाजी घेतली जाते. वांग्यानंतर तेथे झेंडू घ्यावा. भाताला त्रास देणारी याची भावंड जात निराळी. तिने रोपाच्या मुळाचे टोक आकड्यासारखे वळते. रोपवाटिकेच्या जागेवर मे महिन्यात पाणी देऊन, पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून चारसहा आठवडे उन्हात तापवावे. राब भाजल्याची धग वरच्या थरापुरतीच पोचते. लावणीच्या वेळी रोपे बहुधा घरच्या बायकांच्याच हातून जातात, तेव्हा गाठ ओळखायला त्यांना आधी दाखवा. गाठीचे रोप बांधावर न टाकता जाळावे, आणि त्या वाफ्यातले फावडे दुसऱ्या वाफ्यात नेण्यापूर्वी धुऊन घ्यावे.