आधी पट्टा, मग हत्यार

या पानावर नेहमी कापडाचे भाव, उधारीची वसुली आणि कराचे नियम यांविषयी लिहिले जाते. आजचा विषय थोड्याच व्यापाऱ्यांचा आहे, पण ज्यांचा आहे त्यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. आपल्यापैकी काहींकडे रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. परवान्यासाठी वर्षभर खेटे घालायचे, लाखाच्या घरातले हत्यार घ्यायचे, आणि ते बाळगायला मात्र पथारीवरचे नायलॉनचे कव्हर आणि कुणाच्या तरी लग्नात भेट आलेला पट्टा वापरायचा, अशी आपली रीत आहे. ही रीत चुकीची आहे एवढेच आज सांगायचे आहे. हे आम्ही पुस्तक वाचून सांगत नाही, चूक करून सांगत आहोत.

ज्या काळात हे परवाने घेतले गेले तो काळ तरुण व्यापाऱ्यांनी पाहिलेला नाही. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला भर रस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. ऑगस्ट १९९७ मध्ये कॅसेटचा धंदा करणारे गुलशन कुमार मारले गेले. गिरगावपासून दादरपर्यंत फोनची घंटा वाजली की गादीवरचा माणूस आधी दचकायचा आणि मग फोन उचलायचा. आमच्या हिंदमाताच्या दुकानातही असा एक फोन आला होता. त्यानंतर वडिलांनी परवाना घेतला आणि त्यांच्या पश्चात तो आमच्या नावावर झाला.

पुढची गोष्ट सांगायला आम्हाला आजही संकोच वाटतो. लालबागच्या गोदामात माल उतरत होता. एक गासडी तिरपी झाली म्हणून आम्ही हात द्यायला वाकलो आणि रिव्हॉल्व्हर कव्हरमधून निसटून फरशीवर पडले. समोर दोन हमाल होते आणि चहा घेऊन आलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. गोळी सुटली नाही. पण कुणी काही बोलेना आणि त्या मुलाच्या हातातले चहाचे ग्लास थरथरत होते. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. हत्यार ज्या शत्रूसाठी घेतले तो शत्रू इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता. आमच्या हत्याराने धोका निर्माण केला तो आमच्याच माणसांना.

कुणी म्हणेल, हा तुमचा निष्काळजीपणा. म्हणावे. पण १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायात शिरली, हे सर्वांनी वाचले आहे. गोळी मालक ओळखत नाही.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतील ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगायचे तर ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, अंगाला जोडलेले असावे, पूर्ण झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असावा. म्हणजे शर्टाबाहेर मूठ दाखवत फिरणे हा रुबाब नाही, नियमभंग आहे. झब्ब्याच्या खिशात, गाडीच्या कप्प्यात किंवा नोटांच्या थैलीत हत्यार टाकणे हेही नियमात बसत नाही.

आता पट्ट्याकडे वळू. देशी बनावटीचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर रिकामे असताना सुमारे ७०० ग्रॅम भरते. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये काढलेले ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. एवढे वजन कमरेच्या एका बाजूला दिवसभर लटकते. बाजारातला साधा पट्टा पँट वर धरण्यासाठी असतो, वजन पेलण्यासाठी नसतो. तो पिळतो, होल्स्टर बाहेरच्या बाजूला झुकते, मग माणूस दर दहा मिनिटांनी कमरेला हात लावतो आणि न दाखवताही सगळ्यांना कळते. पट्टा दीड इंच रुंद असावा, कातड्याचे दोन थर एकमेकांना शिवलेले असावेत आणि बक्कल खिळ्याचे असावे. परीक्षा सोपी आहे. पट्टा आडवा, कडेवर धरा. मधोमध तो माळेसारखा लोंबला तर परत ठेवा. कडेला चिरून बघितल्यावर आत कातड्याचा भुगा चिकटवलेला दिसला तर तो पट्टा मुंबईच्या दोन पावसाळ्यांतच सोलून निघेल.

होल्स्टर घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे. कापड, किल्ली, बोट काहीही आत शिरता कामा नये. दुसरी, हत्यार रिकामे करून, एकदा नाही तर दोनदा तपासून, होल्स्टरमध्ये घाला आणि गादीवर उलटे धरून हलवा. निसटले तर ते होल्स्टर नव्हे, पाकीट आहे. तिसरी, हत्यार बाहेर काढल्यावर तोंड मिटता कामा नये. मिटले तर परत घालताना दुसरा हात नळीसमोर येतो. चौथी, ते त्याच मॉडेलच्या मापाचे असावे. सर्व मापांना चालणारे म्हणून विकतात ते कोणत्याच मापाचे नसते. आमचे पहिले कव्हर असेच होते.

आरामाचा विचार नाजूकपणा समजू नये. जे टोचते ते माणूस काढून ठेवतो आणि काढून ठेवलेले हत्यारच सर्वांत धोक्याचे. गल्ल्याच्या खणात नोकराचा हात जातो, घरी कपाटात नातवाचा जातो. म्हणून खरेदीआधी एक प्रयोग करावा. रिकामे हत्यार लावून घरात दोन तास वावरावे. आपल्या धंद्यात गादीवर मांडी घालून आठ-दहा तास बसावे लागते. पाठीच्या कण्यावर लावलेले होल्स्टर तेथे टिकत नाही, पोटासमोरचे मांडीत रुतते. उजव्या हाताच्या माणसाला उजव्या कुशीच्या किंचित मागची जागा बहुधा सोसते. बसा, वाका, वरच्या फळीवरचा तागा काढा, जिना चढा. या चार कामांत ते हलले नाही तरच पैसे द्या.

कपड्याबद्दल बोलणे हा आमचा हक्कच आहे. पायजम्याच्या नाडीवर होल्स्टर राहत नाही, नेफा वजनाने खाली येतो. झब्बा घालायचाच तर आत पट्ट्याची पँट असावी. होल्स्टर पँटच्या आतल्या बाजूला लावणार असाल तर शिंप्याला कमर दीड-दोन इंच सैल ठेवायला आणि पट्ट्याचे लूप दोन जास्त लावायला सांगा. मलमल किंवा व्हॉइलमधून आकार दिसतो. जाडसर पॉपलिन किंवा खादी, गडद रंग किंवा चौकडी असेल तर नजर अडकत नाही. वरून बंडी घातली तर उत्तमच. वडीलधाऱ्यांना हे ठाऊक होते. आमचे आजोबा मालेगावहून वसुलीला निघत तेव्हा शर्टाखाली कमरेला पैशांचा कसा बांधत, घरात आम्ही त्याला हमियानी म्हणायचो. रात्रभर गाडीत बसूनही शेजाऱ्याला तिचा पत्ता लागत नसे आणि ती तसूभर सरकत नसे. कमरेला बांधायच्या वस्तूची पारख हीच आहे.

आता खर्च. महागड्या परदेशी मालाची गरज नाही. धारावीत सायन–वांद्रे लिंक रोडच्या आसपास पट्टे आणि पाकिटे शिवणारे कसबी हात आजही आहेत. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी झाल्यापासून इथल्या कारागिराकडे मुख्यतः म्हशीचे आणि शेळी-मेंढीचे कातडे येते. होल्स्टर आणि पट्ट्याला म्हशीचेच कातडे हवे, जाड आणि चिवट. शेळीचे मऊ कातडे पाकिटाला ठीक. क्रोमपेक्षा झाडाच्या सालीने कमावलेले कातडे घ्या. कोल्हापुरी चपलेचे कातडे असेच बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावतात. ते ओले असताना साच्यावर बसवले की वाळल्यावर तोच आकार धरून राहते. एक खबरदारी मात्र घ्या. हत्यार कारागिराच्या हाती देऊ नका, परवाना आपल्या नावावर आहे, त्याच्या नाही. घरी कागदावर आकार उतरवा, जाडी मोजा, सुताराकडून लाकडी ठोकळा करून घ्या आणि तो कारागिराला द्या. आम्ही असेच केले. पट्टा आणि होल्स्टर मिळून दोन हजारांच्या आत काम झाले आणि ती जोडी आजही कमरेला आहे. कारागीर बांधवांनीही हे ध्यानात घ्यावे. ज्या हातांनी दहा वर्षे टिकणारी वस्तू होते, त्यांनी केवळ हंगामी पाकिटांवर का राहावे? मापाचे काम घ्या, शिवण दुहेरी घाला आणि त्याचा दाम मागा. गिऱ्हाइकाने घासाघीस करू नये.

निगा राखण्याबाबत थोडे. मुंबईच्या घामात मीठ असते आणि दमट हवेत कातडे ओलावा धरते, म्हणून रात्री हत्यार होल्स्टरमध्ये ठेवू नये, गंज चढतो. ते पुसून कुलपात ठेवावे. भिजलेले होल्स्टर सावलीत वाळवावे, उन्हात किंवा इस्त्रीने नाही. हिंदमाताला पाणी तुंबले की हा धडा आम्हाला दरवर्षी मिळतो. खोबरेल तेल चोळू नका, कातडे मऊ होते आणि पकड जाते. शिवण उसवली किंवा तोंड सैल पडले की मोह न धरता होल्स्टर बदला.

शेवटी एक प्रश्न, जो आम्ही स्वतःलाही विचारतो. हे सारे अजून हवे आहे का? १ एप्रिल २०१७ पासून एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. बहुतेक व्यवहार आता बँकेतून आणि फोनवरून होतात. थैलीच नाही तर राखणदार कशाला? २०१७ मध्येच परळ–एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. अशा गर्दीत सैल कव्हरमधले हत्यार घेऊन शिरणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. गणपतीत लालबागच्या गर्दीत शिरताना आम्ही ते घरी कुलपात ठेवतो. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बाबा सिद्दिकी यांच्यासोबत पोलीस असतानाही मारेकऱ्यांनी डाव साधलाच. हत्यार असले म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हा समज सोडावा.

तरीही काहींना खरोखर धोका आहे, काहींना रात्री-बेरात्री माल घेऊन एकटे फिरावे लागते. त्यांनी परवान्याच्या अटी आणि हद्द पाहून, नीट शिकून, वर सांगितल्याप्रमाणे पट्टा आणि होल्स्टर करून घ्यावे आणि ते रोज वापरावे. ज्यांना ते ओझे वाटते, ज्यांचे हत्यार महिनोन्‌महिने गल्ल्याच्या खणात पडून आहे, त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन ते रीतसर जमा करण्याची चौकशी करावी. यात कमीपणा नाही. आम्ही पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हाच विचार करणार आहोत. चहाचा तो मुलगा आता तरुण झाला आहे, आमच्याच गल्लीत त्याची स्वतःची टपरी आहे. तो दिसला की आम्हाला ती फरशी आठवते.