पक्ष्यांसाठी पदयात्रा : निधी कोणाचा, वाट कोणाची?

पक्षी पाहत दूरचा पल्ला पायी तोडायचा, किती मैल चाललो अथवा किती जातींचे पक्षी नोंदले त्या हिशेबाने इष्टमित्रांकडून वर्गणी घ्यायची आणि जमलेली रक्कम पक्ष्यांच्या अधिवासाच्या रक्षणासाठी द्यायची, हा प्रघात इंग्लंडसारख्या देशांत चांगलाच रुजलेला आहे. मुंबईला त्याचे एक भावंड परिचित आहे. २००४ सालापासून येथे जी मॅरेथॉन धावली जाते, तिच्या निमित्ताने सेवाभावी संस्थांसाठी कोट्यवधी रुपये गोळा होत आले आहेत. तेव्हा पायांनी पैसा उभा करता येतो, हे या शहराला नव्याने सांगावयास नको. प्रश्न एवढाच आहे की पूर्व किनाऱ्यावरील पक्ष्यांसाठी अशी एखादी यात्रा काढायची झाली, तर आपल्या कार्यकर्त्यांनी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? माझे मत असे की ती आपणच काढावी आणि माझगावातून काढावी. मात्र तिच्यातील पैसा कोणाचा आणि तिची मागणी काय, हे निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

या सूचनेवर आपल्या काही मित्रांची प्रतिक्रिया काय होईल याची मला कल्पना आहे. गळ्यात दुर्बीण अडकवून बगळे मोजणे हा सवडवाल्यांचा छंद. ज्यांच्या घरात पाणी येत नाही त्यांनी पाखरांची चिंता का वाहावी? हा आक्षेप वरवर कणखर वाटला, तरी इतिहासाच्या कसोटीला तो उतरत नाही. १८८३ च्या सप्टेंबरात ज्या आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पैकी आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. समाजसुधारणा आणि सृष्टिनिरीक्षण यांच्यामध्ये त्यांना भिंत दिसली नाही. सोसायटीच्या आरंभीच्या बैठका भरल्या त्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात, ज्याला आज आपण भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. माझगावातून तेथे चालत जाता येते.

दुसरे उदाहरण परदेशचे आहे, पण आपल्या विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे. १८८९ साली मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी काही स्त्रियांना एकत्र करून पक्षिरक्षणाचे मंडळ सुरू केले. श्रीमंत स्त्रियांच्या टोप्यांवर मिरवणाऱ्या पिसांसाठी जगभर पक्ष्यांची कत्तल चालली होती आणि लंडन ही त्या व्यापाराची मोठी पेठ होती. हिंदुस्थानातूनही पिसांची निर्यात होत असे. ती १९०२ साली बंद करण्यात आली. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर कायद्याने बंदी यावयास १९२१ साल उजाडले. त्या मंडळाचे आरंभीचे सभासदत्व अवघ्या दोन पेन्सांत मिळत असे. आज ज्या संस्थेचे दहा लाखांहून अधिक सभासद आहेत, तिचा पाया दोन पेन्सांचा आहे आणि तिची पहिली लढाई एका किफायतशीर व्यापाराशी झाली, ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. व्यापाऱ्यांच्याच देणगीवर ते मंडळ उभे राहिले असते, तर ती लढाई झाली असती का?

आता पदयात्रेबद्दल. महाराष्ट्राला ती शिकवावी लागत नाही. पंढरीच्या वाटेने ज्यांचे पाय घडले, विनोबांचे भूदान ज्यांनी पाहिले, त्या समाजात चालणे हे स्वतःच एक विधान असते. निसर्गरक्षणासाठी आपल्याकडे झालेली सर्वांत मोठी यात्रा म्हणजे १९८७-८८ ची पश्चिम घाट बचाव पदयात्रा. १९८७ च्या नोव्हेंबरात एक तुकडी उत्तरेकडे नवापूरहून निघाली, दुसरी दक्षिणेकडे कन्याकुमारीहून. आणि १९८८ च्या फेब्रुवारीत दोन्ही तुकड्या गोव्यात, फोंड्याजवळ रामनाथीला मिळाल्या. वाटेतील गावांशी बोलणे, तुटलेले जंगल आणि आटलेले झरे डोळ्यांनी पाहणे, धरणाखाली जाणाऱ्याचे आणि डोंगरावर राहणाऱ्याचे म्हणणे एकाच वहीत लिहिणे, हा तिचा खरा लाभ होता. किलोमीटरमागे अमुक रुपये असा भाव तिने लावला नव्हता. पुढे २०११ साली गाडगीळ समितीने पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, त्यात निर्णयाचा अधिकार ग्रामसभांपर्यंत नेण्याचा जो आग्रह आहे, त्याची नाळ अशा चालण्याशी जुळते असे मला वाटते. त्या अहवालाचे पुढे काय केले गेले, तो दुःखद विषय येथे नको.

निधीसाठी निघालेली यात्रा आणि लोकांसाठी निघालेली यात्रा यांत हा फरक आहे. पहिली वाटेवरून जाते, दुसरी वाटेवरच्या माणसांना विचारत जाते. मला दोन्हींचा मेळ हवा आहे, आणि म्हणून माझगाव.

डॉकयार्ड रोड स्थानकाजवळच्या भंडारवाडा टेकडीवर, जलाशयाच्या माथ्यावर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. काका बाप्टिस्टा हे माझगावचे. टिळकांचे सहकारी आणि १९२० साली स्थापन झालेल्या आयटकचे एक आधारस्तंभ. झरिया येथील तिच्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या नावाच्या या बागेतून गोदीतल्या याऱ्या, जहाजे आणि पलीकडचे बंदर दिसते. डोक्यावर घारी गिरक्या घेत असतात. पण खाली उतरून समुद्रापर्यंत जाऊ म्हटले, तर भाऊचा धक्का सोडल्यास माझगावच्या रहिवाशाला वाट जवळजवळ नाही. गोदीची भिंत, बंदराची भिंत, कुंपण, फाटक, पहारा. संरक्षणाच्या आणि बंदराच्या गरजा मी नाकारीत नाही. तरीही ज्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या लागत होत्या, त्या किनाऱ्याच्या लगत राहणाऱ्या मुलाला भरती-ओहोटी पुस्तकात वाचावी लागते, ही स्थिती चमत्कारिक आहे. तिथून उत्तरेकडे जाणारा पी. डिमेलो मार्ग गोदी कामगारांच्या एका झुंजार नेत्याचे नाव सांगतो. त्याच बाजूला दारूखाना आहे. तेथे जुनी जहाजे तोडणाऱ्या परप्रांतीय मजुरांच्या पिढ्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीत आणि तेलकट चिखलात राबल्या. चिखलातले विष बगळ्याला आणि मजुराला वेगवेगळे ओळखत नाही. पक्षिनिरीक्षकाच्या वहीत या मजुरांची नोंद नसेल, तर ती वही अपुरी आहे.

रे रोड, कॉटन ग्रीन आणि मग शिवडी. ओहोटीला येथील चिखलपट्ट्या उघड्या पडतात आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे त्यांवर उतरतात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून ते येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. यात एक विसंगती आहे. खाडीत सोडल्या जाणाऱ्या शहराच्या सांडपाण्यामुळे शेवाळ माजते आणि त्यावर हे पक्षी पोसले जातात, असे अभ्यासक सांगतात. तेव्हा गुलाबी थव्यांची छायाचित्रे पाहून खाडी निरोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. कोळ्यांना विचारावे, जाळ्यात काय लागते आणि काय लागेनासे झाले, ते त्यांना ठाऊक असते.

याच चिखलपट्ट्यांवरून अटल सेतू गेला. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले, लांबी २१.८ किलोमीटर. पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यावर आवाज अडविणारे पडदे उभारले आहेत, हे चांगले झाले. पण या सेतूवर पादचाऱ्याला प्रवेश नाही, सायकलवाल्याला नाही, मोटारसायकलला आणि रिक्षालाही नाही. मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये ठरला. म्हणजे पक्ष्यांसाठी पायी निघालेल्या माणसाला पक्ष्यांच्या भूमीवरून गेलेल्या या सार्वजनिक सेतूवर पाऊल ठेवता येत नाही, आणि मोटारवाला ताशी शंभरच्या वेगाने पक्ष्यांकडे न पाहता निघून जाऊ शकतो. माझगावच्या भिंतीपासून शिवडीच्या सेतूपर्यंत तीच एक कथा आहे. किनारा सार्वजनिक, वापर निवडकांचा.

पुढे माहुल. या दलदलीचे महत्त्व पक्षितज्ज्ञांनी केव्हाच मान्य केले आहे. परंतु याच माहुलमध्ये, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या उठवून माणसे आणून टाकण्यात आली. येथील हवेत राहण्याची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही, दुसरी घरे द्या नाही तर भाडे द्या, असे उच्च न्यायालयाला २०१९ साली सरकारला सांगावे लागले. पक्षिप्रेमी यात्रेने माहुलला दुर्बिणीतून केवळ खाडीकडे पाहिले आणि त्या इमारतींकडे पाठ केली, तर तिने चालण्याचे कष्ट घेतले नसते तरी चालले असते. आणि पूर्व उपनगरांत शिरताना घाटकोपरची आठवण व्हावी. २० मे २०२४ च्या रात्री तेथे उतरणाऱ्या विमानाची धडक बसून सुमारे ३९ रोहित पक्षी लोकवस्तीत मरून पडले. ठाणे खाडीच्या अभयारण्याला २०१५ साली दर्जा मिळाला, २०२२ साली ती रामसर यादीत आली. पण भरतीच्या वेळी पक्षी जेथे टेकतात ती खाडीपलीकडची तळी आणि पाणथळ जागा विकासकांच्या नकाशावर मोकळे भूखंड असतात. अभयारण्याच्या सीमारेषा पक्ष्यांना वाचता येत नाहीत.

राहिला निधी. सरकारने करावयाचे काम वर्गणीने करू नये, हा आपला जुना आग्रह आहे आणि तो योग्य आहे. पहारेकऱ्याचा पगार, खारफुटीची राखण, सांडपाण्याचे शुद्धीकरण ही शासनाची आणि महापालिकेची जबाबदारी आहे. लोकवर्गणी लागते ती शासनाला जाब विचारण्यासाठी. खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. तो खटला २००४ पासून चालला होता. चौदा वर्षे न्यायालयात टिकून राहण्यास पैसा लागतो. पर्यावरणाचे जाडजूड इंग्रजी अहवाल मराठीत करून कोळीवाड्यात पोचविण्यास, जनसुनावणीला माणसे नेण्यास, नकाशांच्या प्रती काढण्यास पैसा लागतो. हा पैसा खाडीत भराव घालणाऱ्या कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या खात्यातून येता कामा नये. सदऱ्यावर ज्याचे बोधचिन्ह लावून माणूस चालतो, त्याच्याविरुद्ध तो बोलत नाही. त्यासाठी कोणी लबाड असावे लागत नाही, संकोच पुरेसा असतो.

माझगाव ते ठाणे हे अंतर तीसएक किलोमीटरचे आहे. दोन दिवस लागतील. फेब्रुवारीतला असा रविवार निवडावा की शिवडीला पोहोचताना ओहोटी असेल. नाही तर पाण्याशिवाय काही दिसणार नाही. सोसायटीच्या जाणत्या मंडळींना पक्षी दाखविण्यासाठी सन्मानाने बोलवावे, आणि शिवडी-माहुलच्या कोळी भगिनींना खाडी दाखविण्यासाठी तेवढ्याच सन्मानाने. पावतीपुस्तके दहा रुपयांची छापावीत. प्रत्येक पावतीच्या मागे मागणी छापावी : माझगावपासून शिवडीपर्यंत पायी चालणाऱ्याला समुद्र दिसेल अशी एक सार्वजनिक वाट, आणि बंदराच्या जमिनींचे जे काही व्हायचे असेल त्याच्या चर्चेत गोदी कामगार, कोळी आणि लगतच्या चाळींतील रहिवासी यांना जागा. त्या पावत्या घेऊन वाडी बंदर, डॉकयार्ड रोड आणि दारूखान्याच्या परिसरात कोणी कोणी फिरावयाचे, हे तेथील शाखांनी दिवाळीपूर्वी ठरवावे.