सही घेतली, पण सांगितलं कोणी?

कुठलंही सॉफ्टवेअर लाइव्ह करायच्या आधी आम्ही युजर ट्रेनिंग घेतो, रोलबॅकची सोय ठेवतो. स्वरयंत्र काढण्याच्या ऑपरेशनला रोलबॅक नसतो. तरीही पेशंटचं ट्रेनिंग अनेकदा ऑपरेशननंतर सुरू होतं. मला हे अजिबात पटत नाही.

माझे मामा मार्केट यार्डात एका अडत्याकडे होते. पहाटेपासून बोली पुकारायची, हेच काम. घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र पूर्ण काढायचं ठरलं. घरात ठरलं, "त्यांना सगळं सांगू नका, धीर सोडतील." हॉस्पिटलनेही (नाव कशाला घ्या) "आवाजावर थोडा परिणाम होईल" एवढंच सांगून सही घेतली. थोडा! शुद्धीवर आल्यावर मामांनी मामीला हाक मारली. ओठ हलले, बस्स. मग नर्सने कागद-पेन आणून दिलं. मामा चौथी शिकलेले, लिहायची सवय शून्य. पाणी, दुखतंय, कफ काढा, उशी हलवा अशी चार चित्रं एका पुठ्ठ्यावर आधीच काढून ठेवायला किती वेळ लागला असता?

आधी सांगायला हवं होतं ते असं. श्वासनलिकेचं तोंड आता कायमचं गळ्यावर येतं. श्वास तिथूनच. नाकातून हवा जात नाही, म्हणून वास फारसा येत नाही. हवा नाकात गाळली-ओलावली जात नाही, म्हणून सुरुवातीला खोकला आणि कफ खूप. जेवण काही दिवस नाकातल्या नळीने. चहावर फुंकर मारता येत नाही, हे तर मला मामांचा चहा निवेपर्यंत सुचलंही नव्हतं.

"सगळं सांगितलं तर माणूस खचेल" हा युक्तिवाद मी खूप ऐकलाय. पण यात आवाज परत मिळवायचे मार्गही येतात ना! अन्ननलिकेत हवा घेऊन बोलायला शिकता येतं. गळ्याला लावायचं बॅटरीचं यंत्र मिळतं (आवाज रोबोसारखा, पण समोरच्याला समजतो). श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये छोटा व्हॉल्व्हही बसवतात. परदेशी व्हॉल्व्ह हजारोंच्या घरात जातो आणि अधूनमधून बदलावा लागतो, म्हणून बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांत बसेल असा 'ऑम' व्हॉल्व्ह तयार केला. बिलरोथने व्हिएन्नात १८७३ मध्ये कॅन्सरसाठी पहिल्यांदा पूर्ण स्वरयंत्र काढलं, तेव्हाही त्याच्या सहाय्यकाने, गुसेनबाउअरने, त्या पेशंटसाठी कृत्रिम स्वरयंत्र बनवलं होतं. म्हणजे बोलण्याचा विचार पहिल्या दिवसापासून होता!

माझं म्हणणं एवढंच की सहीच्या आधी स्पीच थेरपिस्टची एक भेट व्हावी, आणि हेच ऑपरेशन होऊन बोलायला लागलेला एक माणूस समोर बसवावा. डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी जे होत नाही ते त्याच्या एका "काय, कसे आहात?"ने होतं. काही पेशंटना रेडिएशन आणि केमो देऊन स्वरयंत्र वाचवता येतं. तो पर्याय आहे की नाही, हे विचारायचा हक्कही पेशंटचाच.

आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवा. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. मामांची बोली आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

असो. मामा आता व्हॉल्व्हवर बोलतात, मामीशी भांडतातसुद्धा :) त्यांच्या खिशात मी एक लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलंय: "मी गळ्यातून श्वास घेतो. ऑक्सिजन नाकाला नाही, गळ्याला लावा." तुमच्या ओळखीत कोणी असेल तर आजच बनवून द्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे होतं.