संध्याकाळची कॉफी सोडू नका!

मैत्रिणींनो, पाचची कॉफी घेऊन रात्री दोनचे ठोके मोजत पडणाऱ्या तुमच्यात किती जणी आहेत? मी त्यातलीच. डॉक्टर म्हणाले, "दुपारनंतर कॉफी बंद." केली बंद. पण खरं सांगू? कॉफीपेक्षा ती वेळच आठवायची. रात्रीच्या स्वयंपाकाला लागण्याआधी शेजारच्या वहिनींबरोबर पाय पसरून बसायची दिवसातली तेवढीच पंधरा मिनिटं. हातात कप नसला की बसणंही होत नाही बाई!

मग डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी आणली. पहिली बाटली अगदी पुठ्ठा भिजवल्यासारखी लागली. चव जाणारच, मग चांगलं बी कशाला वापरा, असा पूर्वी व्यवहार असे. पुढे भाचीनं कोलंबियाच्या बियांचं पाकीट दिलं आणि माझं मत बदललं.

त्या देशात पाच लाखांवर कुटुंबं कॉफी पिकवतात. बहुतेकांची जमीन पाच हेक्टरांच्या आतली, तीही डोंगरउतारावर. पिकलेलं तेवढंच फळ हातानं वेचायचं, साल काढायची, बी आंबवून, धुऊन वाळवायचं. काही घरांना वर सरकतं छप्पर असतं; पाऊस आला की ओढून घ्यायचं. आपण कुरडया घालून आभाळाकडे डोळा लावून बसतो ना, तस्संच!

कॅफिन काढतात ते बी कच्चं, हिरवं असतानाच. मानिसालेस शहरात त्याचा कारखाना आहे. आधी वाफ देऊन बी फुगवतात. मग इथाइल ॲसिटेटमध्ये भिजवतात. नावाला घाबरू नका. पिकल्या केळ्यातही ते असतं, आणि तिथं ते उसापासून करतात. कॅफिन त्यात उतरतं. पुन्हा वाफ देऊन ते घालवतात आणि बी वाळवतात. चव किंचित गोडसर राहते.

घेताना पाकिटावर 'शुगरकेन प्रोसेस' आणि कुठल्या भागातली कॉफी ते लिहिलंय का बघा. शेतकऱ्याच्या चांगल्या मालाला वेगळा भाव मिळतो तो अशा नावानिशी विकलेल्या कॉफीतच. साध्या कॉफीपेक्षा महाग पडते, म्हणून मी सकाळी नेहमीचीच घेते. लहान पाकीट आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ही लवकर शिळी होते. फिल्टरमध्ये पूड चमचाभर जास्त घाला.

आणि हो, चिकोरी मिसळलेली कॉफी म्हणजे डिकॅफ नव्हे. चिकोरीत कॅफिन नसतं, पण सोबतच्या कॉफीत असतंच! डिकॅफमध्येही थोडं उरतं. साध्या मोठ्या कपात साधारण ९५ मिलिग्रॅम, तर हिच्यात २ ते १५. दिवस गेलेल्या मुलींना दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात, तेव्हा चहाही हिशेबात धरा. पित्ताचा त्रास असेल तर मात्र हिचा भरवसा नको. डिकॅफनंही आम्ल वाढतं. वहिनींना ते आहे, म्हणून त्या माझ्यासोबत ताक घेऊन बसतात.