शाळेतले अंडे बंद झाले, आता घरच्या ताटाचे काय?

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला. न खाणाऱ्यांना केळी. जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. द्यायचेच तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले गेले.

सावली हा धानाचा पट्टा. इथे ताटात मुख्य भातच. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात आणि बी-12 जीवनसत्त्वही, जे भात-वरणात नसतेच. आठवड्याला एक अंडे फार नव्हे, हे खरे. पण घरी तोंड फिरवणारे मूल पंगतीत मित्राचे पाहून खाते. माझ्या मते खरे नुकसान त्या सवयीचे झाले.

‘आमचा पोरगा भाजी खातच नाही’ असे तुम्ही म्हणता, तेव्हा विचारून पाहा: नेमकी कोणती? बहुतेकदा एक-दोन भाज्या नावडलेल्या असतात आणि आपण सगळ्याच बंद करतो. पालक नको तर तरोटा करा, शेवग्याचा पाला वरणात घाला. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा चमचाभर वाढावा लागतो. जबरदस्ती नको, बिस्किटाचे आमिषही नको. अंडे घरात चालत नसेल तर दूध, दही नेमाने द्या, डाळही घट्ट असू द्या.

वजन वाढत नसेल, मूल फिकट दिसत असेल किंवा चार-पाचच पदार्थ खात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्या भागात सिकलसेल आढळतो, म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.